काच संपते तिथे

८ जून

ताई,

पत्र उघडलंस म्हणजे अर्धी लढाई जिंकले. नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच केराच्या डब्यात टाकलं असतंस. म्हणून हे मावशीच्या पाकिटात घालून, तिच्या हातून पत्ता लिहून घेऊन पाठवतेय. तुझा पत्ता मला द्यायला ती तयार नाही. "ती म्हणाली तर देईन," म्हणते. पाकीट चिकटवण्याआधी ती हे वाचणार हे तुलाही माहीत आहे, मलाही. मावशी, नमस्कार. पुढचं जरा कंटाळवाणं आहे.

तू चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतेस, दुकानावरच्याच दोन खोल्यांत राहतेस आणि गिऱ्हाइकांना "डोळे चांगलेत, बघायची सवय वाईट आहे" असं ऐकवतेस, ही बातमी तिनेच दिली. वेधशाळेत बावीस वर्षं तू आम्हाला हेच ऐकवत होतीस. गिऱ्हाइकं निदान पुन्हा येतात म्हणे.

इकडे साहेब अजून आहेत. दोनदा मुदतवाढ मिळाली. तिसरी मिळेपर्यंत आकाशात काही नवीन घडू नये अशी त्यांची इच्छा दिसते. तुझं लुकलुक यंत्र, आकाशाचे जुने-नवे फोटो आळीपाळीने दाखवून सरकलेला तारा पकडणारं, आता व्हरांड्यात कुंडीशेजारी आहे. "हात लावू नये" अशी पाटी आहे, त्यामुळे प्रत्येक जण लावतो.

कामाचं लिहिते. आपला तारकागुच्छ आठवतो ना? ज्याच्यावरून आपण भांडलो तो. मावशीसाठी सांगते: एकाच ढगातून एका वेळी जन्मलेले काही शे तारे, एकमेकांच्या ओढीने एकत्र राहिलेले. मी त्याच्याभोवती एक वर्तुळ आखलं, आतले तारे मोजले, लहान तारे फारच कमी निघाले, आणि शोधनिबंध लिहिला: या गुच्छाला एखाद्या मोठ्या वायूच्या ढगाचा धक्का बसलाय, तो फुटतोय, त्याचे दिवस भरलेत. तू म्हणत होतीस, तारे बाहेर आहेत, वर्तुळ लहान आहे.

आता शेजारच्या टेबलावर एक गणितवाली आली आहे. माझ्याच वयाची, पण हुशार. तिने उपग्रहाने केलेली ताऱ्यांची यादी चाळली आणि गुच्छाच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब पट्टे सापडले. निसटलेले तारे, पण त्याच वाटेने चाललेले. पुढचा पट्टा सलग आहे. मागच्या पट्ट्यात मात्र मध्येच एक खिंडार आहे. खिंडार खरं असेल तर धक्का बसला होता, म्हणजे माझं बरोबर. ते खोटं असेल तर तारे सावकाश, सारखे गळत आलेत, म्हणजे तुझं.

गणितवाली म्हणते, जुनी काच बघू, म्हणजे काचेवर घेतलेला आकाशाचा जुना फोटो. सत्तर वर्षांपूर्वीची तेवढी एकच काच आहे त्या भागाची, आणि तिचा तो कोपरा दमटपणाने खराब झाला हे तुला माहीत आहेच. पण तारा मोजला की काचेवर त्याच्या जागी शाईचा ठिपका देण्याआधी तू तो ट्रेसिंग पेपरवर द्यायचीस आणि ते कागद गुंडाळून घरी न्यायचीस. ते असतील तर पाठव.

बाकी काही नाही.

तुझी,
भुंगा

(हे नाव वापरणारं आता कुणी उरलेलं नाही. बघितलं, लिहिता येतं का.)


२९ जून

ताई,

उत्तर नाही. मावशी म्हणते, "वाचलं तिने, नक्की वाचलं, मी फोन केला तर विषय बदलला." म्हणजे वाचलंस.

मला वाटलं, काही गोष्टींची माफी आधी मागावी, मग मोकळेपणाने बोलता येईल. तर:

तुझी निळी छत्री बसमध्ये मी विसरले होते. ती चोरीला गेली नव्हती.

तू पहाटे उठून माझ्या परीक्षेसाठी आकृत्या काढून द्यायचीस आणि मी वर्गात सांगायचे की माझा हात चांगला आहे.

आई आजारी असताना "मला परिषदेला जायलाच हवं" म्हणाले, तेव्हा जायलाच हवं असं काही नव्हतं.

बघ, किती हलकं वाटतंय. तुला वाटतंय का? नसेल वाटत. आई म्हणायची तसं, पायात काटा नि मलम कपाळाला.

गुच्छाबद्दल थोडं लिहिते. मला हल्ली त्याच्याबद्दल बोलायला कुणी नाही; गणितवालीशी बोललं की ती लगेच आकडे दाखवते. गुच्छात तारे एकमेकांजवळून जाताना हिसके देतात-घेतात. जड तारे हळूहळू मध्यभागी येऊन बसतात, हलक्यांना वेग मिळतो आणि ते कडेला फेकले जातात. हे मी आमच्या बैठकांचं वर्णन करत नाहीये. मग कडेच्यांना आकाशगंगा ओढून घेते. जे आकाशगंगेच्या केंद्राच्या अंगाला निसटले त्यांचा फेरा लहान, म्हणून ते पुढे जातात. बाहेरच्या अंगाचे मागे राहतात. सगळेच जड मध्यभागी कोसळून गोळा व्हायला हवेत, पण तसंही होत नाही. मध्यभागी दोनचार ताऱ्यांच्या घट्ट जोड्या असतात. जवळ येईल त्याला त्या ढोसतात आणि गुच्छाला श्वास घ्यायला जागा करून देतात. एवढ्या ढकलाढकलीवर तो कोट्यवधी वर्षं टिकतो.

काचांच्या खोलीत अशी एक जोडी होती. तू आणि काचवाले काका. सोळा हजार काचा तुम्ही दोघांनी सांभाळल्या आणि जो येईल त्याला ढोसलंत. मलाही.

काका बरे आहेत. म्हणजे असावेत. मी गेले नाही.

कागद पाठवशील ना?

भुंगा


१७ जुलै

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "काच कशी खराब झाली ते लिही. यापुढे मावशीला मध्ये घालू नकोस." खाली पत्ता. अक्षर अजून तसंच आहे, एकही रेघ जास्त नाही.

तर काच कशी खराब झाली.

त्या वर्षी सगळ्या काचांच्या प्रतिमा संगणकात उतरवायचा हुकूम आला होता आणि त्याची प्रमुख मी होते. प्रतिमा घेण्याआधी काचेच्या पाठीवरच्या शाईच्या खुणा पुसायच्या, आणि पुसण्याआधी खुणांचे फोटो काढून ठेवायचे, असा नियम. नियम मीच लिहिला होता. त्या दिवशी बुधवार होता. सकाळी दमटपणा शोषणारं यंत्र घरघर करत होतं. ते यंत्र तसं जुनंच होतं. साहेबांकडे आपण दोनदा अर्ज केला होता, तुझ्याच हातचा होता एक. काका तीन वाजता निघाले. खिडकी बंद होती की उघडी, हे मला आता

नंतर लिहिते. फोन वाजतोय.

भुंगा


१८ जुलै

ताई,

फोन वाजत नव्हता.

काच मी खराब केली.

आता सगळं लिहिते, थांबले तर पुन्हा फोन वाजेल.

सकाळी बैठकीत तू साहेबांसमोर म्हणालीस, "बाहेर पडले म्हणून त्यांची दिशा बदलली का? मी मोजलंय, त्याच बाजूला चाललेत." साहेब माझ्याकडे बघून हसले. तुला पदवी नव्हती. आकृत्या काढून तू मला पदवी मिळवून दिलीस आणि स्वतः काचांवरचे तारे मोजणारी मापनिक म्हणून चिकटलीस. त्या हसण्यात ते सगळं होतं. मी पण हसले. आणि तरी मला कळलं की तुझं बरोबर असू शकतं. माझा निबंध छापून यायला तीन आठवडे होते.

यादीप्रमाणे त्या दिवशी दुसऱ्या कपाटाच्या काचा काढायच्या होत्या. मी तुझी काढली. त्या कोपऱ्यात तुझे हिरवे ठिपके होते, एका ओळीत, आणि ते माझ्या डोळ्यांत खुपत होते. फोटो काढला नाही. हे घाईत झालं नाही, ताई. नऊ वर्षं मी स्वतःला घाई असं सांगतेय.

पण पुसताना मी भलतीच बाजू वर धरली. काकांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, काचेच्या कोपऱ्याला ओठ लावायचा. जिथे चिकटतो ती लेपाची, म्हणजे तारे उमटलेली बाजू, तिला बोटही लावायचं नाही. मी ओठ लावला नाही. रागात माणूस काचेचं चुंबन कशाला घेईल? फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि एकाच फटक्यात रपकन ओढलं. फडकं काळं झालं. ठिपके तसेच, पलीकडच्या बाजूला, हिरवेगार. आणि त्यांच्या खालचे तारे गेले होते. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी कुडकुडत दुर्बिणीला डोळा लावून मिळवलेले.

मग काय केलं? ठिपकेसुद्धा पुसले. पुरावा राहू नये म्हणून.

दोन दिवसांनी "अरेच्चा, लेप सुटलाय" असं म्हणत ती काच मीच शोधून काढली. साहेबांना दमटपणाला जबाबदार धरायला माणूस हवा होता. यंत्र काकांच्या ताब्यात. त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्यांच्या सह्या घ्यायला. एकोणतीस वर्षं काचा हाताळलेल्या माणसाला. तू म्हणालीस, "दमटपणाने लेप कडेपासून सुटतो. असा सरळ पट्टा जात नाही," आणि माझ्याकडे बघितलंस. मी वहीत काहीतरी लिहीत होते. ती वही परवा काढून बघितली. त्या पानावर मी एक चौकोन काढलाय आणि तो गिरवलाय.

आठवड्याने तुझा राजीनामा आला.

आणखी एक. मी गप्प बसले असते तर तुझ्या ट्रेसिंगचं नावही निघालं नसतं, खिंडार राहिलं असतं आणि मी कायमची बरोबर ठरले असते. पहिलं पत्र लिहिताना हे मला माहीत होतं. तेवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवते. बाकी पान तुझ्या बाजूचं आहे.

भुंगा


३ ऑगस्ट

ताई,

काल काकांकडे गेले होते. तिसरा मजला, जिन्यात सायकल. दार काकूंनी उघडलं.

"कोण?"

"काचांच्या खोलीतली. धाकटी."

"ती होय," काकू म्हणाल्या. एवढ्या दोन शब्दांत एवढं अंतर मी दुर्बिणीतूनसुद्धा बघितलं नव्हतं.

काका रेडिओ उघडून बसले होते. "बसा मॅडम. चहा आधी, की सांगायचं ते आधी?"

"आधी सांगते."

"मग चहा ठेवू नको गं," ते आत बघून म्हणाले, "मोठं दिसतंय."

सांगितलं. तुला लिहिलं तसंच, चौकोनासकट. ते पेचकस हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"शंका त्याच दिवशी, खात्री काच निघाल्यावर. तुम्ही म्हणालात, काका, आज लवकर घरी जा. एकोणतीस वर्षांत मला कुणी लवकर जा म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्पिरिटची बाटली बघितली, अर्धी. आणि तुमच्या हातांना वास."

"मग बोलला का नाहीत?"

"ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, काका, तिला एक आठवडा देऊ. बोलेल ती."

आतून काकूंचा आवाज आला, "आठवडा! नऊ वर्षं झाली. आमचा नळवालासुद्धा याच्या आधी येतो."

मला हसू आलं आणि मग दुसरंच काही आलं. काकांनी मला रेडिओ पुसायचं फडकं दिलं. मी ते तोंडाला लावणार तेवढ्यात म्हणाले, "बाजू बघून घ्या."

ते एक आठवड्याचं तू मला कधीच सांगितलं नाहीस. कसं सांगणार? सांगितलं असतं तर मी सातव्या दिवशी बोललेही असते, आणि ते तुझ्या धाकाने झालं असतं.

साहेबांना, तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, लेखी दिलं होतं. ते वाचून म्हणाले, "आता कशाला उकरता? काच गेली, माणूस निवृत्त झाला, यथावकाश आपणही होऊ." मी म्हटलं, यथावकाश तर गुच्छही विरतो, नोंद तरी बरोबर असू दे. मग त्यांनी चौकशी समिती नेमली. सदस्य एक, ते स्वतः. मला काचांच्या कामावरून काढलंय. काकांना कार्यालयाचं पत्र परवाच पोचलं होतं, चार ओळींचं: "सदर नुकसानीस आपण जबाबदार नव्हता." काका म्हणाले, चौकट करून लावू. काकू म्हणाल्या, "त्या ओल्या भिंतीवर लाव. दमटपणाने काय होतं आणि काय होत नाही ते सगळ्यांना दिसू दे."

त्या काचेच्या पाकिटावर आता माझ्या अक्षरात खरं कारण आहे. पाकीट आम्लरहित कागदाचं आहे. दोनशे वर्षं टिकतं. माझी कीर्ती माझ्यामागे राहणार.

ट्रेसिंग पाठवू नकोस हवं तर. हे पत्र त्यासाठी नाही. थोडं त्यासाठीही आहे. खोटं बोलायची सवय मोडायची तर पूर्ण मोडावी.

भुंगा


२६ ऑगस्ट

ताई,

नळकांडं मिळालं. चिठ्ठी शोधली. आत, बाहेर, चष्मा पुसायच्या ज्या कापडात कागद गुंडाळला होता त्यातही. नव्हती. मग लक्षात आलं, तू पाठवायचं ते पाठवलंयस.

कागद पिवळा पडलाय, पण ठिपके तसेच. दिव्याच्या टेबलावर पसरला तेव्हा गणितवाली म्हणाली, "हे हाताने केलंय?" मी म्हटलं, "डोळ्यांनी." तिने हातातला आकड्यांचा कागद बाजूला ठेवला. तिच्या बाबतीत ही खगोलीय घटना आहे.

खिंडारात तुझे अकरा ठिपके आहेत. तीन दिवस ताडून बघितलं. नऊ ठिपक्यांवर तारे आहेत, तेच जे उपग्रहाच्या यादीतून "खात्रीलायक नाही" म्हणून गाळले गेले होते. कारण कळलं. या ताऱ्यांना सोबती आहेत. प्रत्येक तारा आपल्या सोबत्याभोवती डुलत डुलत चालतो. उपग्रहाने जेमतेम काही वर्षं बघितलं, त्याला ते डुलणं दिसलं आणि वाटलं, हा भलतीकडेच निघालाय, आपल्यातला नाही. तू ती काच आणि नंतरची नवी काच, अशी साठ वर्षांच्या दोन टोकांवर बघितलंस. डुलणं जिरून गेलं आणि चाल उरली. उरलेल्या दोन ठिपक्यांवर काही नाही. तेवढं चालायचं. तू देव नाहीस, हे वाचून मला अंमळ बरं वाटलं.

खिंडार नाही, ताई. मागचा पट्टा पुढच्यासारखाच सलग आहे. धक्का वगैरे काही बसला नाही. गुच्छ जन्मापासून एक एक तारा सोडत आलाय, घाई न करता, आणि मध्यभाग शाबूत आहे. मी त्याला पाच कोटी वर्षं दिली होती. गणितवाली म्हणते, निदान पन्नास कोटी. एवढी मोठी चूक करायलाही हिंमत लागते.

निबंधाचा मसुदा सोबत आहे. तुझं नाव पहिलं, मग तिचं. "आधीचा निष्कर्ष चुकीचा होता" या वाक्याखाली माझं. काकांचं नाव आभारात होतं. काकू म्हणाल्या, आभार कसले मानता, काचा कुणी सांभाळल्या ते लिहा. तसं लिहिलं. साहेब मसुदा वाचून म्हणाले, पहिल्या लेखिकेच्या नावापुढे पदवी नाही. गणितवाली म्हणाली, ताऱ्यांच्याही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. कागदाच्या डाव्या कडेला, काचेची रेघ तू जिथे आखली आहेस तिच्याही बाहेर, कोऱ्या भागात एक ठिपका आहे. शाईचा नाही, पेन्सिलचा. शेजारी तुझ्या अक्षरात: "काच संपली. इथेही असावा."

हे तू कधी लिहिलंस? राजीनाम्याच्या आधी की नंतर? तो भाग कुठल्याच काचेवर नाही. बघायला तुझ्याकडे काहीच नव्हतं. फक्त आधीचे ठिपके कुठे चाललेत ते माहीत होतं.

मी गणितवालीला विचारलं नाही. स्वतः यादी उघडली, गाळलेल्यांची. ठिपक्यापासून अर्ध्या बोटावर आहे. मंद आहे, सगळ्यांच्या मागे आहे, आणि डुलतोय, म्हणजे एकटा नाही.

त्याचा यादीतला आकडा इथे लिहिला असता, पण नाही लिहीत. त्या भागाची प्रतिमा छापून घेतली आहे. चांगली मोठी, तुला भिंगाशिवाय दिसेल एवढी. काका म्हणतात, तिच्यावर ठिपका ताईंच्याच हातचा पडला पाहिजे, आणि त्यांनी जुन्या खणातून हिरव्या शाईची बाटली शोधून दिली आहे. बाटली सुकली होती. काकूंनी पाणी घालून ती जिवंत केली आणि माझ्या पिशवीत ठेवताना झाकण तीनदा तपासलं, माझ्यावर अजून विश्वास नाही म्हणून.

पुढल्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. दुकान दोनला बंद होतं हे मावशीने सांगितलं. नको म्हणायचं असेल तर पोस्टकार्ड टाक. मधे दहा दिवस आहेत. तुझं "नको" मला वाचता येतं. पण कार्ड नाही आलं, तर वरच्या दोन खोल्यांच्या दारावर मी बेल वाजवणार नाही. तू उघडेपर्यंत बाहेर उभी राहून गुणगुणेन. आवाज तुझ्या ओळखीचा आहे.

भुंगा